धुरीचे पातेले

लाकूड जळते असे आपण सहज म्हणतो. परंतु चुलीत सारलेल्या फाट्याकडे थोडे निरखून पाहिले, तर तेथे एकामागून एक अशा दोन भिन्न क्रिया चाललेल्या दिसतात. प्रथम उष्णतेने लाकडाचे विघटन होऊन त्यातून वाफ, वायू आणि तैलयुक्त बाष्प बाहेर पडते, व हे बाष्प पेटले तर त्याची ज्वाळा होते आणि न पेटताच निसटले तर धूर होतो. हे सर्व निघून गेल्यावर जो काळा, हलका, सच्छिद्र अवशेष उरतो तो मागाहून ज्वाळेवाचून, आणि जवळजवळ धुरावाचून, लाल होऊन धगधगत राहतो. कोळशाची भट्टी लावणारा मनुष्य या दोन क्रियांची फारकत करतो. पहिली तो रानात, मातीने लिंपलेल्या ढिगाखाली हवा कोंडून पुरी करून घेतो, आणि दुसरी गिऱ्हाइकाच्या शेगडीसाठी राखून ठेवतो. पारंपरिक भट्टीत चार-पाच किलो लाकडामागे साधारण एक किलो कोळसा हाती येतो. बाकीचे धूर आणि वाफ होऊन आकाशात जाते. रायगड जिल्ह्यातील कातकरी कुटुंबे पिढ्यानपिढ्या अशा भट्ट्यांवर राबत आली आहेत. शहरातील शेगडी निर्धूर असते याचे कारण तिचा धूर कोणाच्या तरी डोळ्यांनी आणि फुफ्फुसांनी आधीच सोसलेला असतो, ही गोष्ट कोळशाची पिशवी विकत घेणाऱ्याने ध्यानात बाळगावी असे मला मनापासून वाटते.

येथे ज्या लहानशा साधनाची रचना सांगावयाची आहे, आणि ज्याला बाजारात ‘स्मोकर’ म्हणतात, त्याचे सारे मर्म या फारकतीत आहे. मासळी, मांस, मिरची किंवा लसूण यांना मंद आचेवर दीर्घकाळ धुरी द्यावयाची असेल, तर उष्णता आणि धूर या दोन्ही वस्तू लागतात. परंतु त्या एकाच लाकडाकडून एकाच वेळी मिळविण्याचा प्रयत्न केला, तर आच वाढविली की धूर जळून जातो, आणि आच दाबली की धूर दाट व कडवट होतो. म्हणून उष्णतेची जबाबदारी कोळशावर सोपवावी, आणि जो धूर भट्टीवाल्याने काढून टाकला तोच, पण अगदी मोजक्या प्रमाणात, वाळक्या लाकडाच्या दोन-तीन ढलप्यांकडून परत मागून घ्यावा. एकदा हे काम वाटून दिले, की उरते ती केवळ हवेची व्यवस्था, आणि त्या व्यवस्थेला एक झाकणाचे पातेले पुरेसे होते.

पातेल्याला भट्टीचे रूप देण्याची कल्पना परकी नाही. रायगडाकडे हिवाळ्यात पोपटी लावतात, तेव्हा भांबुर्डीचा पाला आणि वालाच्या शेंगा ठासून भरलेले मडके उपडे घालून त्याभोवती जाळ करतात. तेथे मात्र अग्नी बाहेर आणि अन्न आत अशी योजना असते. अग्नी व अन्न दोन्ही आत घेऊन झाकण घालण्याचा जो प्रकार अमेरिकेत रूढ झाला, त्याचे एक प्रसिद्ध उदाहरण 1952 सालचे आहे. शिकागोजवळच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्स या कारखान्यात समुद्रावर तरंगणारे धातूचे गोल बोये तयार होत. तेथील जॉर्ज स्टीफन या गृहस्थाने त्या गोलाचे दोन अर्ध घेऊन एकाची शेगडी आणि दुसऱ्याचे झाकण केले, व वाऱ्यासाठी त्यांना छिद्रे ठेवली. कारखान्यात रोज हातांखालून जाणाऱ्या गोलात त्याला चूल दिसली, याचे मला मोठे कौतुक वाटते.

आता पातेल्याची निवड. घरात पडून असलेले वाटेल ते भांडे येथे चालणार नाही, आणि याची कारणे धातूंच्या स्वभावात आहेत. ॲल्युमिनिअम 660 अंशांवर वितळते; कोंडलेल्या हवेत कोळसा जरी मंद जळत असला, तरी निखाऱ्याचे स्वतःचे तापमान तेवढ्यावर सहज जाऊ शकते, तेव्हा निखारे पातळ ॲल्युमिनिअमच्या बुडावर प्रत्यक्ष ठेवणे धोक्याचे आहे. आजीच्या काळातील पितळी पातेले दिसावयास कितीही देखणे असले, तरी त्याची कल्हई म्हणजे कथलाचा पातळ लेप, आणि कथील 232 अंशांवरच पाणी होते. जस्ताचा मुलामा दिलेली बादली तर कटाक्षाने वर्ज्य समजावी. जस्त 420 अंशांच्या सुमारास वितळते, अधिक तापल्यास त्याची वाफ होते, आणि त्या वाफेचा धूर श्वासात गेला असता थंडी वाजून ताप भरतो, हे वेल्डिंगच्या कारागिरांना चांगले ठाऊक असते. सारांश, जाड बुडाचे स्टेनलेस स्टीलचे, धातूच्याच कड्यांचे पातेले घ्यावे. व्यास सुमारे 30 सेंटिमीटर आणि उंची तेवढीच असावी. झाकण म्हणून त्याच तोंडाचे एक उथळ पातेले वर उपडे घातले, तर आत दहा सेंटिमीटरांची आणखी जागा मिळते.

आतली मांडणी खालून वर अशी करावी. बुडाशी विटेचे तीन लहान तुकडे, त्यांवर लोखंडी जाळीची परडी, तीत कोळसा. परडीच्या वर, तीन-चार बोटांचे अंतर सोडून, पाण्याने भरलेली एक उथळ थाळी. ही थाळी पातेल्याच्या व्यासाहून पाच-सहा सेंटिमीटरांनी लहान असावी, म्हणजे तापलेली हवा व धूर तिच्या कडेने वर जाऊ शकतील. थाळीच्या वर, पातेल्याच्या काठाखाली चार-पाच सेंटिमीटरांवर, अन्न ठेवण्याची गोल जाळी. थाळी आणि जाळी या दोहोंना आधार म्हणून पातेल्याच्या भिंतीतून आरपार तीन-तीन बोल्ट बसवावेत. बुडापासून तीन सेंटिमीटरांवर, राखेने बुजणार नाहीत अशी, 12 मिलिमीटर व्यासाची चार छिद्रे चहूबाजूंस पाडावीत, व झाकणाच्या माथ्याशी एका बाजूला तशीच चार. खालच्या प्रत्येक छिद्रावर पत्र्याची एकेक चकती एका स्क्रूवर फिरेल अशी लावली, की बंदोबस्त पुरा झाला. ज्याला ड्रिल चालविता येत नाही त्याने हे काम जवळच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्यावे. स्टील घसरट असते, आणि गोल भिंतीवर पाते सटकून हाताला इजा होण्याचा संभव असतो.

छिद्रे एवढी लहान का, असा प्रश्न वाचकाच्या मनात येईल, आणि मला स्वतःला या साधनातील सर्वांत मनोहर भाग हाच वाटतो. पातेल्याच्या आत 110 अंश आणि बाहेर 30 अंश तापमान आहे असे धरा. बाहेरच्या एक घनमीटर हवेचे वजन साधारण 1.16 किलो, आतल्या तेवढ्याच हवेचे 0.92 किलो. या तफावतीमुळे आतली हवा वर जाऊ पाहते आणि खालून नवी हवा ओढली जाते. परंतु उंची जेमतेम 40 सेंटिमीटर असल्याने ही ओढ एक पास्कलहून अधिक भरत नाही. वातावरणाचा दाब सुमारे एक लाख पास्कल असतो हे लक्षात घेतले, म्हणजे एक लक्षांश एवढ्या क्षीण शक्तीवर हे सर्व यंत्र चालते असे दिसून येईल. झाकण काठावर नीट न बसता जराशी फट राहिली, की या इवल्याशा ओढीचा हिशेब बिघडतो, आणि मालकाने खालची छिद्रे कितीही फिरविली तरी अंमल मात्र फटीचा चालतो.

याच हिशेबाची दुसरी बाजू इंधनाची. एवढ्या आकाराचे पातेले 110 अंशांवर ठेवण्यास, ढोबळ मानाने, पाचशे वॅट उष्णता पुरते. एक किलो कोळशापासून सुमारे 30 मेगाज्यूल उष्णता मिळते. त्या हिशेबाने तासाला साठ ग्रॅम कोळसा, म्हणजे मूठभर, पुरे होतो. तेवढा जाळण्यास सिद्धांताप्रमाणे तासाला सहाशे लिटर हवा लागते आणि व्यवहारात थोडी अधिक. वर सांगितलेल्या चार छिद्रांतून ती येते, व दोन चकत्या फिरविल्या की निम्मी होते. कोळसा कितीही भरला असला तरी तो मिळालेल्या हवेपुरताच जळतो, म्हणून एकंदर लागणारा सर्व कोळसा आरंभीच परडीत भरावा, आणि त्यावर दुसरीकडे फुलविलेले चार-पाच निखारे ठेवावेत. आग वरून खाली, शेजारून शेजारी अशी सावकाश सरकत जाते, आणि मधून मधून झाकण उघडण्याचा प्रसंग येत नाही. थाळीतील पाण्याचेही येथे मोठे साहाय्य होते. एक लिटर पाण्याची वाफ होण्यास सव्वादोन मेगाज्यूलांहून किंचित अधिक, म्हणजे पाऊणशे ग्रॅम कोळशाची उष्णता खर्च होते. आच क्षणभर भडकली तर ती वाढ पाणी पचविते, आणि आच उतरली तर तापलेले पाणी आतील तापमान एकदम पडू देत नाही. तापमापक मात्र झाकणाच्या माथ्यावर न लावता अन्नाच्या जाळीच्या पातळीवर लावावा, कारण या दोन जागांत बराच फरक असतो.

धुराविषयी आपल्याकडे एक समज दृढ आहे, की तो जितका दाट तितका स्वाद अधिक. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. लाकडातील हेमिसेल्युलोज सुमारे 200 ते 300 अंशांच्या दरम्यान फुटते व त्यातून आम्ले निघतात. सेल्युलोज त्याहून वर, 400 अंशांपर्यंत, आणि त्यातून अन्नाला सोनेरी-तपकिरी रंग देणारी द्रव्ये मिळतात. लिग्निन मात्र फार विस्तृत तापमानकक्षेत हळूहळू विघटित होते, आणि ज्याला आपण धुराचा खमंग वास म्हणतो तो मुख्यतः लिग्निनपासून झालेल्या ग्वायाकॉल व सिरिंगॉल या जातीच्या द्रव्यांचा असतो. ही द्रव्ये सूक्ष्म कणांतून व बाष्परूपाने अन्नाच्या ओलसर पृष्ठभागावर येऊन विरघळतात. हवा पुरेशी असली की कण प्रकाशाच्या तरंगलांबीहूनही लहान राहतात, आणि आकाश ज्या कारणाने निळे दिसते त्याच कारणाने असा धूर निळसर, जेमतेम दिसेल न दिसेल असा भासतो. हवा अपुरी पडली, लाकूड ओले असले, की डांबरासारख्या द्रव्यांचे मोठे थेंब होऊन धूर पांढरा व दाट होतो, आणि त्याचा कडवटपणा जिभेवर रेंगाळतो. तेव्हा छिद्रांतून निळसर रेघ निघू लागेपर्यंत अन्न आत ठेवूच नये. लाकडाचे तुकडे भिजवून घालण्याची चालही मला निरुपयोगी वाटते, कारण पाणी उडून जाईपर्यंत धुराला केवळ विलंब होतो.

लाकूड आंब्याचे, पेरूचे, चिकूचे किंवा बाभळीचे, वर्षभर वाळलेले असावे. राळेची झाडे, रंगविलेली किंवा प्लायवुडची लाकडे, आणि कण्हेर व बिब्ब्यासारख्या विषारी जातींची फाटी यांना पातेल्याजवळही फिरकू देऊ नये.

मांसाच्या बाबतीत तापमानाचे भान सुटता कामा नये. कोंबडी सर्वांत जाड भागी 74 अंशांपर्यंत शिजली पाहिजे, आणि याची खात्री सुईच्या तापमापकानेच करावी, रंगावरून नव्हे. कारण धुरातील नायट्रोजनची ऑक्साइडे मांसातील मायोग्लोबिनशी संयोग पावून जो गुलाबी पट्टा निर्माण करतात, तो पुरते शिजलेल्या मांसातही गुलाबीच राहतो. बोकडाच्या खांद्यासारख्या मोठ्या तुकड्याचे अंतर्गत तापमान 65 ते 70 अंशांच्या आसपास येऊन दीर्घकाळ थबकते. पृष्ठभागावरून उडणारे पाणी आत येणारी उष्णता घेऊन जाते, म्हणून असे होते. या वेळी धीर सुटून छिद्रे सताड उघडणारे पुष्कळ असतात. त्यांनी थांबावे, कारण याच संथ काळात चिवट कोलॅजेनचे मऊ जिलेटिन होत असते. बांगडा किंवा सुरमई यांना आधी मिठाच्या पाण्यात ठेवून, मग वाऱ्यावर पृष्ठभाग किंचित चिकट होईपर्यंत सुकवून घ्यावे. त्या चिकट थरावर धूर चांगला बसतो.

धुरीच्या अन्नाला एक काळी बाजू आहे. चरबी निखाऱ्यावर ठिबकली की बेंझोपायरीन व त्याच्या जातीची संयुगे तयार होतात, आणि बेंझोपायरीनची गणना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मानवाला निश्चितपणे कर्करोगकारक असणाऱ्या द्रव्यांत केली आहे. पाण्याची थाळी ठिबकणारी चरबी झेलते हा तिचा दुसरा, आणि माझ्या मते मोठा, उपयोग; तरीही असे अन्न नित्याचे करू नये. याहून तातडीचा धोका कार्बन मोनॉक्साइडचा. हवा कोंडून कोळसा जाळावयाचा म्हणजे हा वायू निर्माण होणारच; त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक दृढतेने चिकटतो. म्हणून हे पातेले अंगणात किंवा उघड्या गच्चीवरच मांडावे. स्वयंपाकघर, बंद बाल्कनी, पावसाळ्यात ताडपत्री ओढलेली पडवी, यांपैकी कोठेही नाही. काम संपल्यावर खालची-वरची सर्व छिद्रे बंद केली, की निखारे विझतात आणि उरलेला कोळसा पुढच्या खेपेस उपयोगी पडतो. पण पातेले पूर्ण गार होईपर्यंत, शक्य तर रात्रभर, बाहेरच राहू द्यावे.

जे मांसाहार करीत नाहीत त्यांच्यासाठी या पातेल्यात पुष्कळ वाव आहे. वाटीत निखारा ठेवून त्यावर तूप सोडण्याची जी रीत आपल्या घरांतून आहे, तिच्यातील धूर मुख्यतः तुपाचा असतो आणि दोन-चार मिनिटांत ओसरतो; लाकडाच्या धुराचा स्वाद निराळा आणि मुरणारा आहे. लसणाचे अख्खे गड्डे, टोमॅटो आणि भरताची वांगी 110 अंशांवर चांगली होतात. पनीर आणि मीठ यांना मात्र शिजविण्याची गरज नसून केवळ धूर हवा असतो. त्यांच्यासाठी दोनच निखारे ठेवावेत, थाळीत पाण्याऐवजी बर्फ भरावा, आणि मीठ जाड घेऊन पातळ कापडावर पसरावे. धुरी दिलेले मीठ घट्ट झाकणाच्या बरणीत भरले म्हणजे त्याचा वास दीर्घकाळ टिकतो, आणि डाळीवर किंवा ताकात त्याची चिमूट पुरते.