टाकीत माणूस नको, गाडी बोलवा

हिंजवडीत आयटी पार्क आले आणि गावातल्या घरांवर मजले चढले. खाली घरमालक, वरच्या खोल्यांत भाडेकरू. पाच माणसांसाठी बांधलेली सेप्टिक टाकी आता वीस जण वापरतात. पावसाळ्यात जमीन ओली झाली की शोषखड्डा पाणी घेत नाही. संडास तुंबतो, अंगणात घाण पाणी येते. मग कुणीतरी म्हणते, "नाक्यावरून दोन माणसं आणा, उतरतील खाली."

हे काम कुणालाही सांगू नका. मार्च २०२२ मध्ये लोणी काळभोरजवळच्या कदमवाकवस्तीत एका इमारतीची सेप्टिक टाकी साफ करताना चौघांचा जीव गेला.

माणूस का मरतो?

बंद टाकीत मैला कुजतो. त्यातून मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड हे वायू तयार होतात, प्राणवायू कमी होतो. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास येतो. पण तो फार वाढला की नाक बधिर होते आणि वासच येईनासा होतो. "आता वास नाही, उतर" हा समज म्हणूनच घात करतो. पहिला खाली कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो. असे कुठे घडले तर स्वतः उतरू नका. ताबडतोब ११२ आणि १०८ ला फोन करा. मिथेन पेट घेतो, म्हणून उघड्या टाकीजवळ विडी-काडी पेटवू नका.

कायदा घरमालकालाही लागू

हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा कायदा २०१३ चा आहे. सुरक्षेची साधने व व्यवस्था न करता माणसाला टाकीत उतरवणे हा गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा अजामीनपात्र आहे. "ठेकेदाराने माणूस आणला, मला माहीत नाही" असे म्हणून सुटता येत नाही. दुसऱ्यामार्फत काम करून घेण्यालाही बंदी आहे. गटार किंवा टाकीत मृत्यू झाल्यास वारसांना ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितले. पण गेलेला माणूस त्याने परत येत नाही.

घरात काय पाळावे?

• टाकी दोन-तीन वर्षांनी सक्शन गाडीने उपसून घ्या. भाडेकरू जास्त असतील तर त्याआधी. पावसाळ्याआधी केलेले बरे.
• संडासाचे पाणी हळू उतरणे, दुर्गंधी, टाकीभोवती ओल ही टाकी भरल्याची लक्षणे आहेत.
• झाकण फुटके ठेवू नका. लहान मूल पडू शकते. हवेच्या पाइपाला बारीक जाळी बांधा, नाहीतर टाकीत डास वाढतात.
• सॅनिटरी पॅड, डायपर, प्लास्टिक संडासात टाकू नये, हे भाडेकरूंना खोली देतानाच सांगा. ॲसिडचा मारा करू नका. मैला कुजवणारे जंतू मरतात आणि टाकी लवकर भरते.
• टाकीचा पाइप ओढ्यात किंवा उघड्या गटारात सोडू नका. ते पाणी बोअरवेलपर्यंत झिरपले की जुलाब, टायफॉइड, कावीळ घरोघर जाते.

गाडीचा खर्च एकट्याला जड वाटतो. शेजारच्या चार घरांनी मिळून एकाच दिवशी गाडी बोलवावी, दर आधी ठरवावा. मैला कुठे रिकामा करणार, हे चालकाला विचारा. रात्री ओढ्यात ओतणार असेल तर त्याला परत पाठवा.

ग्रामपंचायतीकडे मागा

आपण घरपट्टी भरतो. गावाची स्वच्छता हे ग्रामपंचायतीचे काम आहे. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत लेखी मागणी करा: सक्शन गाडीचा दर आणि चालकाचा नंबर फलकावर लावा, वस्तीतली उघडी गटारे बांधून द्या. अर्जाची पोच घ्या. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाची शासनाची योजना आहे; गटारांचे काम त्यात बसते. वर्षावासात विहारात ग्रंथवाचनाला सगळे जमतातच. वाचन झाल्यावर तिथेच अर्जावर सह्या घेता येतील.

जातीने लादलेली घाणेरडी कामे सोडा, असे बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला सांगितले. आज आपल्यातले काही जण घरमालक झाले आहेत. ज्या खड्ड्यात आपल्या मुलाला उतरवणार नाही, त्यात दुसऱ्याच्या मुलालाही उतरवू नका.