रॉटरडॅम : बांध राखणाऱ्यांचं शहर



बीटापासून साखर कशी तयार होते ते प्रत्यक्ष पाहावे म्हणून आम्ही पाच सभासद सप्टेंबरअखेर, आपला गळीत हंगाम सुरू होण्याआधी, हॉलंडला जाऊन आलो. तेथील दिंतेलूर्दचा साखर कारखाना बीट पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्याच सहकारी संस्थेचा आहे. त्याची सविस्तर माहिती पुढील अंकात देऊच. परत निघण्यापूर्वी दीड दिवस मोकळा मिळाला, तो आम्ही रॉटरडॅम शहर आणि बंदर पाहण्यात घालवला. त्याची ही हकीकत.

रॉटे नावाची एक लहानशी नदी. तिच्यावर तेराव्या शतकात लोकांनी बंधारा घातला. बंधारा म्हणजे त्यांच्या भाषेत 'डॅम'. म्हणजे गावाचं नावच मुळी बंधारा! हे ऐकून आमच्यातले आबा म्हणाले, "मग हे गाव आपल्यातलंच झालं की."

शहर मात्र जुनं वाटत नाही. युरोपात सगळीकडे जुने वाडे दिसतात, इथे काचेचे उंच मनोरे. कारण विचारलं तर वाटाड्यानं पायाखाली बोट दाखवलं. फरसबंदीत तांबडे दिवे बसवले होते. १४ मे १९४० रोजी जर्मन विमानांनी पाव तासात गावाचा मधला भाग बेचिराख केला, सुमारे ८० हजार लोक बेघर झाले. आग जिथपर्यंत पोचली त्या हद्दीवर हे दिवे आहेत. जवळच झाडकिन या शिल्पकाराचा १९५३ सालचा पुतळा आहे. माणूस दोन्ही हात आभाळाकडे करून उभा, आणि छातीच्या जागी आरपार भोक. आम्ही बराच वेळ काही बोललो नाही.

युद्ध संपल्यावर या लोकांनी पहिल्यांदा काय उभं केलं? बंदर. धक्के आणि याऱ्या आधी, टोलेजंग इमारती मागाहून. पोट भरणारी जागा आधी दुरुस्त करायची, हा हिशेब आम्हा शेतकऱ्यांना लगेच पटला.

नंतरची शोभा मात्र पाहण्यासारखी. पीट ब्लोम यांनी बांधलेली १९८४ सालची घनाकृती घरं अशी तिरकी, की फासा कोपऱ्यावर उभा करून ठेवावा! एक घर तिकीट काढून आतून पाहता येतं. भिंती कलंडलेल्या, कपाट कुठं लावायचं हा प्रश्नच. शेजारी २०१४ साली उघडलेली कमानीची मंडई आहे. खाली भाजी, मासे, चीज यांची दुकानं, आणि वर कमानीतच लोकांची राहती घरं. नदीवर १९९६ सालचा इरॅस्मस पूल आहे. एकच वाकडा पांढरा खांब आणि त्याला ताणलेल्या तारा, म्हणून लोक त्याला 'हंस' म्हणतात.

पुलाच्या पायथ्याशी बोटीत बसून बंदर पाहिलं. सगळं पाहणं शक्यच नाही, कारण शहरापासून समुद्रापर्यंत ते ४० किलोमीटर पसरलं आहे. नदीचं मुख गाळानं भरू लागलं तेव्हा नवा कालवा खणून १८७२ मध्ये समुद्राची वाट मोकळी केली. जमीन कमी पडली तेव्हा समुद्राच्या तळाची वाळू उपसून नवी जमीन तयार केली. १९६२ पासून २००४ पर्यंत हे जगातलं सर्वांत मोठं बंदर होतं. इथल्या एका धक्क्यावर १९९३ पासून कंटेनर वाहणाऱ्या गाड्या ड्रायव्हरशिवाय धावतात. आबांना लगेच आपल्या ऊसगाड्यांची रांग आठवली!

पण आमच्या मनात घर केलं ते दुसऱ्या दिवशी पाहिलेल्या दरवाजांनी. शहराचा काही भाग समुद्रसपाटीच्या सुमारे सहा मीटर खाली आहे. १ फेब्रुवारी १९५३ च्या पहाटे वादळानं ठिकठिकाणी बांध फुटले, १,८३६ माणसं गेली. रॉटरडॅमजवळ एक बांध फुटू लागला, तेव्हा आरी एव्हेखून नावाच्या नावाड्यानं आपली बोटच त्या खिंडारात घातली आणि भोक बुजवलं. त्यामुळे मागचा मुलूख वाचला. त्यानंतर देशानं जी कामं हाती घेतली, त्यांतलं एक म्हणजे १९९७ साली सुरू झालेले हे दोन पांढरे दरवाजे. एकेक २१० मीटर लांब आणि २२ मीटर उंच. एरवी ते काठावरच्या कोरड्या गोदीत असतात. वादळ येणार असं दिसलं की गोदीत पाणी सोडतात. पोकळ दरवाजे तरंगत नदीच्या मध्याला येऊन मिळतात, मग त्यांच्या पोटात पाणी भरून ते तळाशी बसवतात. डिसेंबर २०२३ च्या वादळात ते असेच बंद झाले होते.

वाटाड्यानं आणखी एक जुनी रीत सांगितली. पूर्वी ज्याचं शेत, त्याच्याकडे बांधाचा तेवढा तुकडा राखायचं काम. ज्याला झेपत नसे तो बांधावर फावडं रोवून निघून जाई. ते फावडं जो उपसेल त्याला जमीन मिळे, आणि बांधाची जबाबदारीही. बांध, पाट आणि पाण्याचा निचरा पाहणारी मंडळं तिथं तेराव्या शतकापासून आहेत. आजही त्यांची वेगळी निवडणूक होते, आणि मंडळ आपली वेगळी पट्टी बसवतं. उंचावर घर असणाराही ती पट्टी भरतो. बांध एका जागी फुटतो, पण नुकसान सगळ्या मुलखाचं होतं, हे तिथं कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

हे ऐकताना आमच्यातले अण्णा गप्प होते. त्यांचं शेत चारीच्या अगदी टेलला. उरलेल्या आम्हा चौघांची शेतं तोंडाशी. चारीचा गाळ काढायचा दिवस ठरतो तेव्हा अण्णा फावडं घेऊन हजर असतात आणि आम्ही कामं सांगून टाळतो, कारण आमचं पाणी चुकत नाही. गेल्या उन्हाळ्यात अण्णांचा दीड एकर खोडवा पाण्यावाचून वाळला. तरी त्या दरवाजांपुढं ते आम्हाला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

परतीच्या विमानात आम्ही चौघांनी ठरवलं. येत्या पाळीआधी गाळ काढायला सुरुवात तोंडाकडून होईल, आणि पहिली फावडी आमची असतील. हे छापून द्यायचं कारण एवढंच, की त्या दिवशी आम्ही दिसलो नाही तर सभासदांनी वार्षिक सभेत आम्हाला खुशाल जाब विचारावा.