लहान सीएनसी यंत्राचे मेज : भांडवल तळात घाला, फळी खर्चाला ठेवा

लाकडावर कोरीवकाम करणारे सीएनसी राउटर यंत्र आता घरगुती कारखान्यापर्यंत येऊन पोहोचले आहे. नावाच्या पाट्या, जाळ्या, रेहल, भिंतीवर लावायची खुशखत अक्षरे, कापडछपाईचे ठसे अशी नाना कामे त्यावर होतात. हौशी लोकांसाठी म्हणून विकली जाणारी लहान यंत्रे पोटापाण्याच्या धंद्यासाठी घेणारे कारागीरही आहेत. यंत्र घेताना मोटर किती ताकदीची हे सगळे विचारतात. माल ज्या मेजावर ठेवून कोरायचा, ते मेज कशाचे असावे हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. मालाची सफाई तर मेजावरच अवलंबून असते.

याचा हिशेब सोपा आहे. ९० अंशांच्या टोकदार कटरने अक्षर कोरताना फळी एका बाजूला केवळ अर्धा मिमी फुगली, तर तेथे अक्षराची रेघ १ मिमी जास्त रुंद होते. आयतीच्या किंवा नावाच्या पाटीत एवढा फरक कोणत्याही गिऱ्हाइकाच्या नजरेत भरतो. ठसा असेल तर उंचसखल भागाला रंगच नीट लागत नाही, आणि कापड वाया जाते.

ठशांची कापडछपाई ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या मेजाची रचना चटकन समजेल. छपाईच्या मेजाचा तळ भक्कम असतो. त्यावर तागाचे किंवा सुती कापडाचे थर आणि सर्वांत वर एक साधे कापड असते. जादा रंग ते कापड पिते, मळले की काढून धुतात. राउटरच्या मेजाचेही असेच दोन भाग समजावेत : कायमचा तळ आणि झिजणारी वरची फळी.

तळ लोखंडी चौकटीचा किंवा खाचांच्या ॲल्युमिनियम पट्ट्यांचा असावा. ॲल्युमिनियम वजनाला हलके, गंजत नाही, आणि खाचांत बोल्ट सरकवून माल कोठेही आवळता येतो. लोखंड जड असल्याने थरथर कमी होते, पण दमट हवेत त्याला रंग लावून ठेवावा लागतो. मात्र माल थेट धातूवर ठेवून आरपार कापू नये. कटर धातूला लागला की मोडलाच समजा.

वरच्या फळीसाठी १८ मिमी जाडीचा एमडीएफ सर्वांत सोयीचा. त्याला रेषा नसतात, गाठी नसतात, आणि यंत्रानेच तो सपाट तासता येतो. प्लायवूड स्क्रू चांगला धरते, पण थरांमध्ये पोकळ्या निघतात आणि पृष्ठभाग तासला की चिरफळ्या उडतात. बॅकेलाइट टणक व टिकाऊ आहे, परंतु महाग पडते आणि कटरची धार लवकर घालवते. पाण्याचे काम असेल तर प्लास्टिकची फळी चालते, पण ती उष्णतेने वाकते. दगडी फरशीवर पक्कड बसवणे अवघड, आणि कटर तिला लागला तर धार जाते.

एमडीएफचा शत्रू पाणी. कोकणात किंवा मुंबईच्या पावसाळ्यात तो ओल शोषून फुगतो, विशेषतः कडांनी. म्हणून चारही कडांना वार्निशचे दोन हात द्यावेत. फळी बसवण्यापूर्वी खालची बाजू हलकी तासावी, मग ती पालटून बसवावी आणि वरची बाजू तासावी. एकच बाजू तासली तर फळी वाकण्याचा संभव असतो. पितळी किंवा नायलॉनचे बोल्ट वापरावेत आणि त्यांच्या टोप्या ८ मिमी खोल बुडवाव्यात, म्हणजे पुढे फळी झिजली तरी कटर त्यांना लागत नाही. फळी काढून पुन्हा बसवली, तसेच पावसाळा लागला आणि संपला, की एकदा तासून घ्यावी.

आता खर्च पाहा. ८ × ४ फुटांच्या एका तक्त्यातून ६०० × ९०० मिमीच्या पाच फळ्या निघतात. एका वेळी अर्धा मिमी तासला तर १८ मिमीची फळी १२ मिमीपर्यंत येईतो बारा वेळा तासता येते. म्हणजे एका तक्त्यात साठ वेळा नवे मेज! शिल्लक फळ्या भिंतीला टेकवून उभ्या ठेवू नयेत, वाकतात. त्या जमिनीपासून उंच, आडव्या ठेवाव्यात.

एक गोष्ट विसरू नये. एमडीएफची धूळ अतिशय बारीक असते आणि त्यातील चिकट द्रव्यात फॉर्माल्डिहाइड असते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ आणि फॉर्माल्डिहाइड या दोहोंना माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातले आहे. घरात यंत्र चालत असेल तर बायका-मुलेही तीच हवा घेतात. धूळ ओढणारे यंत्र आणि चांगला मास्क यांचा खर्च मेजाच्या खर्चातच धरावा.

यंत्राचा सौदा करताना विक्रेत्याला तीन गोष्टी जरूर विचाराव्यात : तळ कशाचा आहे, त्याची पातळी कमीजास्त करता येते काय, आणि वरची फळी स्थानिक बाजारातल्या तक्त्यातून कापून बसवता येते काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आले, तर प्रत्येक फळीसाठी त्याच्याच दुकानाची पायरी चढावी लागेल, हे ध्यानात ठेवूनच किंमत ठरवावी.