आपत्ती व्यवस्थापन कायदा : दिल्लीपासून जिल्ह्यापर्यंत

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई पाण्याखाली गेली. त्याच वर्षी २३ डिसेंबरला आपत्ती व्यवस्थापन विधेयकावर राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली. कायद्याची तातडीची प्रेरणा मात्र मुंबईची नव्हती. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने दक्षिणेचा किनारा आणि अंदमान-निकोबार उद्ध्वस्त केले होते. त्या घटनेला जेमतेम वर्ष होत असताना देशाला या विषयावरचा पहिला राष्ट्रीय कायदा मिळाला.

कायद्याआधी

तोपर्यंत संकटाचा कारभार महसूल खात्याच्या जुन्या चाकोरीतून चाले. संकट यायचे, तलाठी पंचनामा करायचा, तहसीलदार अहवाल पाठवायचा, मग मदत जाहीर व्हायची. केंद्रात हा विषय कृषी मंत्रालयाकडे होता, कारण आपत्ती म्हणजे दुष्काळ हेच समीकरण रूढ होते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे मेली. त्यानंतरच्या पुनर्वसनातून महाराष्ट्रात जिल्ह्याजिल्ह्यांत नियंत्रण कक्ष उभे राहू लागले. ओडिशाने १९९९ च्या महाचक्रीवादळानंतर स्वतंत्र प्राधिकरण नेमले. भूजच्या भूकंपानंतर गुजरातने २००३ मध्ये स्वतःचा कायदा केला. केंद्राने २००२ मध्येच हा विषय गृह मंत्रालयाकडे सोपवला होता. राज्ये आपापल्या जखमांतून शिकत होती, राष्ट्रीय चौकट तेवढी बाकी होती.

आपत्ती कशाला म्हणायचे?

कायद्यातली व्याख्या मला फार महत्त्वाची वाटते. घटना नैसर्गिक असो, मानवनिर्मित असो, अपघाताने घडो की निष्काळजीपणामुळे. जीवित, मालमत्ता किंवा पर्यावरण यांची मोठी हानी झाली आणि ती पेलणे त्या भागातल्या लोकांच्या आवाक्याबाहेर गेले, तर ती आपत्ती. म्हणजे नदी किती फुगली एवढ्यावर भागत नाही. काठचे गाव किती तयार होते हेही पाहावे लागते. म्हणूनच आपत्ती टाळणे, तिचा धोका कमी करणे आणि आधी तयारीत राहणे ही कामे कायद्याने बचावकार्याच्या बरोबरीने सांगितली आहेत.

तीन पायऱ्या

वर राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, पंतप्रधान त्याचे अध्यक्ष. धोरणे आणि मार्गदर्शक तत्त्वे ठरवणे हे त्याचे काम. अंमलबजावणीच्या समन्वयासाठी केंद्रीय गृहसचिवांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कार्यकारी समिती असते. राज्यात हीच रचना पुन्हा येते : प्राधिकरणाचे अध्यक्ष मुख्यमंत्री, कार्यकारी समितीचे मुख्य सचिव.

प्रत्यक्ष संकट कोसळते ते तिसऱ्या पायरीवर. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि निवडून आलेला स्थानिक प्रतिनिधी, आपल्याकडे सहसा जिल्हा परिषदेचा अध्यक्ष, सहअध्यक्ष असतो. ही जोडी विचारपूर्वक ठेवलेली आहे. जिल्हाधिकारी दोन-तीन वर्षांत बदलून जातात. कोणत्या वाडीचा रस्ता पहिल्या पावसात तुटतो, हे स्थानिक माणूस वर्षानुवर्षे पाहत आलेला असतो.

राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, म्हणजे आपण ज्याला एनडीआरएफ म्हणतो ते, याच कायद्याने उभे राहिले. त्याची पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबरे येथे आहे. महाराष्ट्रात पूर आला की नारिंगी गणवेशातली ही माणसे बोटी घेऊन पोहोचतात.

जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात काय असते?

कलम ३४ नुसार जिल्हा प्राधिकरण वाहतूक रोखू शकते, धोक्याच्या भागात प्रवेश बंद करू शकते, ढिगारे उपसायला लावू शकते, धोकादायक बांधकामे पाडू शकते. कलम ६५ खाली वाहने आणि जागा ताब्यात घेता येतात. त्याचा मोबदला द्यावा लागतो. तातडीच्या खरेदीसाठी निविदांची अटही बाजूला ठेवता येते. आदेश न पाळणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि त्यातून जीवितहानी झाली तर कैद दोन वर्षांपर्यंत. खोटा इशारा पसरवून घबराट निर्माण करणेही गुन्हा आहे. कर्तव्य टाळणारा अधिकारीसुद्धा शिक्षेस पात्र ठरू शकतो.

एवढे अधिकार आहेत, तरी माझ्या मते या कायद्याचा गाभा कलम ३१ मध्ये आहे : जिल्हा आपत्ती व्यवस्थापन आराखडा. धोक्याची ठिकाणे कोणती, संकट टाळायला काय करायचे, ते आलेच तर कोणी काय करायचे, साधने कुठून आणायची आणि लोकांपर्यंत माहिती कशी पोहोचवायची, हे सारे त्यात हवे. तो स्थानिक संस्थांशी सल्लामसलत करून तयार व्हावा आणि दरवर्षी अद्ययावत व्हावा, असे बंधन आहे.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसे बेपत्ता राहिली. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे सरकारनेच तेव्हा सांगितले. यादीत नसलेल्या वाडीला मुसळधार पावसात हलवण्याचा आदेश कोण काढणार? डोंगराला पडलेली भेग पहिल्यांदा दिसते ती तिथल्या गुराख्याला. त्याचे निरीक्षण आराखड्यात यायचे, तर ग्रामसभेपर्यंत जावे लागते. ते आजही पुरेसे होत नाही, याचे मला मनापासून दुःख आहे.

पैसा

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५ टक्के असतो. ईशान्येकडील आणि हिमालयातील राज्यांसाठी हे प्रमाण ९० आणि १० आहे. चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, पूर, गारपीट, दरड अशा ठरलेल्या आपत्तींसाठी तो खर्च होतो. राज्याने स्थानिक म्हणून ठरवलेल्या आपत्तींसाठी त्यातला १० टक्क्यांपर्यंतचा भाग वापरता येतो.

धोका कमी करण्याच्या निधीची, सरकारी भाषेत सौम्यीकरण निधीची, कहाणी वेगळी आहे. तो कायद्यात पहिल्या दिवसापासून होता, पण राष्ट्रीय पातळीवर स्थापन झाला २०२१ मध्ये. महाराष्ट्रासह अनेक राज्यांतल्या दुष्काळावरच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये त्याबद्दल खडसावले होते. त्यानंतरही पाच वर्षे गेली. पंधराव्या वित्त आयोगाने अखेर ८० टक्के प्रतिसादासाठी आणि २० टक्के सौम्यीकरणासाठी अशी वाटणी केली. संरक्षक भिंत, दरडीखालच्या वाडीचे स्थलांतर, वीज अटकाव यंत्रणा ही कामे पंचनाम्यानंतरच्या मदतीत कधीच बसत नव्हती.

करोनाचा काळ

२४ मार्च २०२० चे टाळेबंदीचे आदेश याच कायद्याखाली निघाले. जोडीला १८९७ चा साथरोग कायदा होता, जो मुंबई-पुण्याच्या प्लेगच्या वेळी झालेला. राज्यघटनेच्या तिन्ही सूचींत आपत्ती व्यवस्थापन असा विषयच नाही. केंद्राने समवर्ती सूचीतल्या सामाजिक सुरक्षेच्या नोंदीचा आधार घेऊन हा कायदा केला आहे. या विषयाची स्वतंत्र नोंद समवर्ती सूचीत करावी, अशी शिफारस दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने केली होती. टाळेबंदीत केंद्र-राज्य अधिकारांची चर्चा झाली तेव्हा ती पोकळी पुन्हा जाणवली.

जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कलम १२ प्रमाणे मदतीचे किमान निकष ठरवणे, त्यात मृतांच्या कुटुंबांसाठी सानुग्रह मदतही आली, हे राष्ट्रीय प्राधिकरणावर बंधनकारक आहे. त्यातून करोनाने गेलेल्यांच्या कुटुंबांना ५० हजार रुपये मिळाले. रक्कम थोडी होती, पण ही मदत मर्जीवर अवलंबून राहिली नाही.

कृष्णाकाठचा प्रश्न

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूर बुडाले आणि कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावरून वाद पेटला. कायद्याची साखळी देश, राज्य, जिल्हा अशी उभी आहे. कृष्णेचे पाणी मात्र सातारा, सांगली ओलांडून कर्नाटकात जाते. शेजारच्या जिल्ह्याशी आणि राज्याशी आडवा समन्वय कायद्यात आहे, पण सैलसा. २०२१ मध्ये दोन्ही राज्यांनी एकत्र बसून धरणांच्या विसर्गाबद्दल बोलणी केली. खोऱ्यानुसार अशी कायमची व्यवस्था हवी, असे मला ठामपणे वाटते.

२०२५ ची दुरुस्ती

९ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने राज्यांच्या राजधान्या आणि महापालिकांची शहरे यांसाठी नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची तरतूद आणली. महापालिका आयुक्त त्याचे अध्यक्ष असतील. नालेसफाई, पूररेषेतली बांधकामे, पावसाळी गटारे हे सारे आयुक्तांच्याच अखत्यारीत असल्याने ही रचना योग्य आहे. राज्यांना स्वतःचे प्रतिसाद दल उभारण्याची आणि आपत्तींची माहिती एकत्र ठेवण्याची तरतूदही आली आहे.

नागरिकाने काय मागावे?

अनेक जिल्ह्यांचे आराखडे जिल्हा प्रशासनाच्या संकेतस्थळावर असतात; नसेल तर माहिती अधिकारात मागता येतो. आपले गाव धोक्याच्या यादीत आहे का, निवाऱ्याची शाळा कोणती, रंगीत तालीम शेवटची कधी झाली, एवढे तरी पाहावे. जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७. या कायद्याखालच्या गुन्ह्याबद्दल किमान ३० दिवसांची नोटीस देऊन कोणीही व्यक्ती न्यायालयात तक्रार करू शकते. कलम ६० मध्ये ती वाट खुली आहे.