तार तुटली? आधी कुठे तुटली ते बघा!

जालन्यात गणपतीच्या कार्यक्रमात, ऐन गाण्यात माझ्या पेडल स्टील गिटारची तिसरी तार तुटली. महिन्यात तिसऱ्यांदा! मी तारेलाच शिव्या घातल्या. पण डीबगिंगचा नियम इथेही लागू: एरर कुठल्या ओळीत आहे ते बघा. तिन्ही वेळा तार चेंजरवरच तुटली होती.

ई-नाइन ट्यूनिंगमधली ही जी-शार्प तार, जाडी जेमतेम ०.०११ इंच. बी पेडल दाबलं की ती अर्ध्या स्वराने चढते आणि चेंजरच्या गोलाईवर पुन्हा पुन्हा वाकते. बारीक सळई मागेपुढे वाकवून तोडतो ना, तसंच.

मग चेंजरवर पडलेली खाच बारीक पॉलिश पेपरने घासली, थेंबभर तेल लावलं. आता कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीच तार बदलतो. आणि हो, एक जादा तार खिशात असतेच!