सूक्ष्मदर्शक : कोणता आणि कशासाठी?

मिलिमीटरच्या सुमारे दहाव्या भागाहून जवळ असलेले दोन बिंदू मनुष्याच्या डोळ्याला वेगळे दिसत नाहीत. त्यापलीकडची सृष्टी पाहण्यास सूक्ष्मदर्शक यंत्र लागते. परंतु वस्तू सर्वांत मोठी करून दाखविणारे यंत्र तेच सर्वोत्तम, ही समजूत बरोबर नाही. काय जाणून घ्यावयाचे आहे, त्यावर यंत्राची निवड अवलंबून असते.

साध्या सूक्ष्मदर्शकात वस्तुभिंग व नेत्रभिंग मिळून वस्तू सुमारे हजारपट मोठी दाखवितात. हैदराबादनजीकच्या सिकंदराबाद येथे १८९७ साली रोनाल्ड रॉस यांनी अशाच यंत्रातून डासाच्या जठरभित्तीत हिवतापाचा परोपजीवी पाहिला. मात्र या यंत्रास एक मर्यादा आहे व ती जर्मन शास्त्रज्ञ एर्न्स्ट आबे यांनी १८७३ साली दाखवून दिली. बोटाने चाचपून भिंतीचा खडबडीतपणा कळतो, पण नाण्यावरील बारीक अक्षरे वाचता येत नाहीत. त्याचप्रमाणे प्रकाशलहरींच्या लांबीच्या सुमारे निम्म्याहून कमी, म्हणजे ०.२ मायक्रॉनहून कमी अंतरावरील दोन बिंदू साध्या प्रकाश-सूक्ष्मदर्शकात एकच भासतात. (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) मग भिंगे कितीही वाढविली, तरी केवळ धूसर प्रतिमा मोठी होते.

दुसरी अडचण पारदर्शकतेची. जिवंत पेशी जवळजवळ पारदर्शक असते. ती रंगवून पाहावयाची तर बहुधा मरते. डच शास्त्रज्ञ फ्रिट्स झेर्निके यांच्या फेज-कॉन्ट्रास्ट पद्धतीत पेशीतून जाताना प्रकाशलहरी किंचित मागे पडतात, त्या फरकाचे उजेड व छाया यांत रूपांतर होते. त्यामुळे पेशीचे विभाजन ती जिवंत असतानाच पाहता येते. या शोधास १९५३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनांचा झोत वापरणारे यंत्र १९३१ साली बर्लिनमध्ये माक्स क्नोल व एर्न्स्ट रुस्का यांनी तयार केले. इलेक्ट्रॉनांची तरंगलांबी अत्यल्प असल्याने ०.०३ मायक्रॉन व्यासाचा पोलिओचा विषाणूही त्यात दिसतो. परंतु पदार्थाचे अतिशय पातळ काप करून ते निर्वात पोकळीत ठेवावे लागतात. जिवंत पेशीचे व्यवहार तेथे पाहता येत नाहीत.

निवडीचे महत्त्व क्षयरोगाच्या तपासणीत स्पष्ट दिसते. क्षयाचा जंतू दोन ते चार मायक्रॉन लांब असतो, म्हणजे साध्या यंत्राच्या आटोक्यातला. अडचण त्याला शोधून काढण्याची असते. थुंकीच्या एका मिलिलिटरमध्ये पाच ते दहा हजार जंतू असले, तरच काचपट्टीवर ते सापडण्याचा संभव असतो. जंतू नजरेतून सुटले, तर रोगी औषधावाचून राहतो व घरच्यांनाही संसर्ग होतो. येथे प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शक उपयोगी पडतो. ऑरामीन या रंगाने माखलेले जंतू निळ्या प्रकाशात, काळोख्या पार्श्वभूमीवर पिवळसर हिरवे चमकतात. म्हणून कमी वर्धनानेच काचपट्टीचा मोठा भाग थोड्या वेळात तपासता येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली या पद्धतीसाठी एलईडी दिव्याच्या यंत्रांची शिफारस केली. आता रेणवीय चाचण्याही उपलब्ध आहेत. तरीही उपचाराने जंतू कमी होत आहेत की नाही, हे पाहण्यास काचपट्टीची तपासणी आजही करतात. हजारो रोग्यांच्या या नित्य तपासणीत महागड्या इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शकाचे काम पडत नाही.