डोक्यावरची चार बोटे

मागल्या वैशाखात भिंगारच्या आमच्या घराच्या पडवीत, दोन खांबांच्या मध्ये, जमिनीपासून बरोबर पाच फूट आठ इंचांवर एक सुतळी ताणून बांधण्यात आली, आणि तिच्याखाली स्टोव्ह मांडून धाकट्या बंधूंनी सकाळचा चहा आणि संध्याकाळचे पिठले करण्याचा नेम आठ दिवस पाळला. बंधूंची उंची पाच फूट नऊ इंच. पहिल्या दिवशी त्यांना सुतळीचे काही वाटले नाही. तिसऱ्या दिवशी मान एका अंगाला कलती धरण्याची सवय आपोआप जडली. सहाव्या दिवशी कंबर भरून आली आणि कांदा चिरण्याचे काम बसून होऊ लागले. आठव्या दिवशी सुतळी सोडून ती सहा फूट अर्ध्या इंचावर बांधली, तेव्हा त्यांनी पळी हातात घेऊन सरळ उभे राहत जो निःश्वास टाकला, त्यानेच आमच्या भावी गाडीच्या छपराचा प्रश्न निकालात काढला.

गाडीला फिरत्या घराचे रूप देऊन, तीतच निजणे, रांधणे आणि मुक्काम हलवणे, हा छंद आपल्याकडे आता केवळ हौशी लोकांपुरता राहिलेला नाही. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, आणि भंडारदरा, रतनवाडी, घाटघर या अकोले तालुक्यातील ठिकाणी तंबूंच्या शेजारी अशी एखादी गाडी उभी दिसली, तर गावकरी आता तिच्याभोवती गर्दी करीत नाहीत. परंतु अशी गाडी करू इच्छिणारा मनुष्य बहुधा गादी, शेगडी, दिवे आणि पडदे यांच्या तपशिलात प्रथम रमतो, आणि ज्या एका गोष्टीवर या सर्वांची सोय अवलंबून आहे, ती छपराची उंची, गाडीच्या विक्रेत्याकडे त्या दिवशी जी उपलब्ध असेल तीवर सोडून देतो. ही चूक पुढे दुरुस्त होत नाही, म्हणूनच हा लेखनप्रपंच.

आपल्या मुलखात या कामासाठी जी गाडी सर्वाधिक निवडली जाते ती ट्रॅव्हलर, आणि तिच्या मागे नगरचेच एक घराणे उभे आहे, हे सांगितल्यावाचून राहवत नाही. मुंबई विधानसभेचे अध्यक्षपद भूषविलेले कुंदनमल फिरोदिया हे नगरचे वकील. त्यांचे चिरंजीव नवलमल यांनी १९५८ साली बजाज टेंपो हा कारखाना काढला, आणि मालवाहू तीनचाकीचे नाव मराठीत इतके रुजले की कोणत्याही कंपनीची छोटी मालगाडी आज ‘टेंपो’च म्हणवते. त्याच कारखान्याने १९८७ साली मर्सिडीझच्या परवान्याने ट्रॅव्हलर आणली. शाळेच्या मुलांना, शिर्डीच्या भाविकांना आणि लग्नाच्या वऱ्हाडाला वाहून नेणारी ही गाडी, तिच्या उभ्या भिंतींमुळे आणि उंच छपराच्या नमुन्यामुळे, घर बनण्यास स्वभावतःच योग्य आहे.

छपराचे प्रकार ढोबळमानाने तीन. पहिला ठेंगणा, म्हणजे ओम्नी किंवा ईको यांचा, ज्यांत निजता येते, बसता येते, पण उभे राहता येत नाही. दुसरा उचलता येणारा, ज्याची कीर्ती जर्मनीच्या वेस्टफालिया कारखान्याने फोक्सवॅगनच्या गाड्यांवर सर्वदूर पोहोचवली: प्रवासात छप्पर खाली, मुक्कामावर वर, आणि मधल्या फटीला जाड कापडाची भिंत. तिसरा कायमचा उंच. दुसरा प्रकार पाहताक्षणी मोह पाडतो, कारण त्यात वाऱ्याचाही मान राखला जातो आणि डोक्याचाही. आणि जामखेड-कर्जतच्या कोरड्या माळावर, जेथे पावसाळाही हात राखूनच येतो, तेथे तो खरोखर सुखाचा आहे. पण हाच मनुष्य आषाढात घाटघरला गेला, तर मात्र परीक्षा निराळी होते. कोकणकड्यावरून आडवा येणारा पाऊस दिवसेंदिवस थांबत नाही. कापडाची भिंत भिजते, आतल्या अंगाला ओल धरते, आणि छप्पर खाली घेताना तीच ओली घडी गादीवर येऊन बसते. शिवाय ज्या दिवशी बाहेर पाऊल टाकणे अशक्य, त्याच दिवशी आत उभे राहण्याची गरज सर्वांत अधिक.

ऊसतोडीच्या हंगामात पाथर्डी-शेवगावकडील कुटुंबे कारखान्यांच्या आसऱ्याला ज्या कोपींत सहा-सहा महिने काढतात, त्यांत वाकून शिरावे लागते आणि आतही धड ताठ उभे राहता येत नाही. त्या घरातील बाई चुलीपुढून उठताना कमरेवर हात ठेवते, हे ज्याने पाहिले आहे, त्याला पाठीच्या कण्याची किंमत निराळी समजावून सांगावी लागत नाही. तेथे ती लाचारी आहे. आपण हौसेने घर बांधीत असता तीच गोष्ट पैसे मोजून विकत घ्यावी, हे मला पटत नाही. म्हणून माझा नियम असा: जे कोणी गाडीत उभे राहून रांधणार असतील, त्यांतील सर्वांत उंच माणसाच्या मापाने छप्पर ठरवावे; निजणाऱ्याच्या किंवा चालवणाऱ्याच्या मापाने नव्हे.

हिशेब सोपा, पण तो बहुतेकांचा चुकतो, कारण ते रिकाम्या पत्र्याचे माप घेतात. बंधूंची उंची १७५ सेंटिमीटर, चपलेचे २, आणि डोक्यावर चार बोटे, म्हणजे ७, एकूण १८४. आता खाली उष्णतारोधक थर, प्लायवूड आणि वरचे लिनोलियम मिळून ४ गेले. वर पत्र्याला चिकटवलेला तसाच थर, लाकडी पट्ट्या आणि आतले छत मिळून आणखी ४. म्हणजे रिकाम्या गाडीत पत्र्यापासून पत्र्यापर्यंत १९२ हवेत. वरच्या थरात काटकसर करू नये. चैत्र-वैशाखात नगरचा पारा चाळिशी गाठतो, आणि तापलेला पत्रा डोक्याच्या जितका जवळ, तितका जाच अधिक. उंच छपराचा एक अप्रसिद्ध फायदा हाच, की गरम हवा वर साचते आणि तिथेच बसवलेला पंखा ती बाहेर फेकतो.

मग छप्पर आणखी उंच का घेऊ नये? याचे उत्तर शोधायचे असेल तर आमच्या गावच्या रणगाडा संग्रहालयात एक सकाळ घालवावी. तेथील पॅटन रणगाडा तीन मीटरांहून उंच आहे. त्याच काळातील रशियन बनावटीचा टी-५५ जेमतेम २.४ मीटर. एकाने आतल्या माणसांच्या सोयीसाठी उंची पत्करली आणि शत्रूच्या नजरेत भरला. दुसऱ्याने शरीर लपवले आणि आतल्या माणसांना अंग चोरून बसवले. उंचीचे मोल कोणत्या ना कोणत्या रूपाने भरावेच लागते. आपल्या बाबतीत शत्रू म्हणजे वारा. सुप्याच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभारलेल्या नाहीत. साडेपाच मीटर लांबीच्या गाडीला ३० सेंटिमीटर अधिक उंची दिली, तर ताशी ५० किलोमीटरचा आडवा वारा त्या अधिक पट्ट्यावर, माझ्या हिशेबाने, वीस-बावीस किलोचा रेटा देतो, आणि तोही नेमका माथ्याजवळ, जेथून गाडी कलंडवणे सर्वांत सोपे. करंजी घाटात किंवा चंदनापुरीच्या वळणांवर त्यात टपावरच्या ओझ्याची भर पडते. यास्तव पाण्याची टाकी, बॅटऱ्या, गॅसचे सिलिंडर हे सारे जड सामान जमिनीलगत, चाकांच्या मधोमध ठेवावे. टपावर सौर पट्ट्या आणि पंखा याखेरीज काहीही चढवू नये.

आणि हे सर्व गाडी घेण्यापूर्वी. नागापूर एमआयडीसीतील एका कारागिराकडे आम्ही प्रथम ठेंगण्या छपराची जुनी गाडी घेऊन ती वाढवण्याची चौकशी केली होती. त्यांनी पत्र्यावर बोटे वाजवून पाहिली आणि म्हणाले, “कापायला अर्धा दिवस लागतो, पण कापल्यावर ती गाडी पहिली राहत नाही.” छपराच्या कमानी हाच सांगाड्याचा बांध, तो तोडून वर फायबरची टोपी बसवली, तर गाडी उलटली असता आतल्या माणसांना आधार उरत नाही. कायद्याचीही हरकत आहे. मोटार वाहन अधिनियमाचे ५२ वे कलम नोंदणी-दस्तऐवजातील तपशिलाशी विसंगत असा फेरफार करण्यास मनाई करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली त्याचा अर्थ अधिक कडक लावला. कॅरव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे निराळे मानक आहे. तेव्हा कारखान्यातून उंच छपरानिशीच आलेली गाडी घ्यावी, आणि आतील बदलांचे कागद आरटीओच्या दफ्तरी आधी दाखवून मंजुरीची तजवीज करावी.

राहिली रस्त्यावरची माथ्याची भीती. विद्युतीकरण झालेल्या रेल्वे फाटकाची आडवी दांडी ४.६७ मीटरांवर असते, तिची चिंता नको. आणि राहुरी, श्रीरामपूर, कोपरगाव या पट्ट्यात ज्या कमानीखालून भरलेली उसाची ट्रॉली जाते, तिच्याखालून आपण निर्धास्त जावे. धोका आहे तो रुळांखालच्या अरुंद भुयारी मार्गांचा, वाहनतळाच्या तोंडाशी लावलेल्या लोखंडी दांडीचा, शेतात ओघळून आलेल्या विजेच्या तारांचा, आणि रतनवाडीकडच्या रस्त्यावर झुकलेल्या फांद्यांचा. अशाच एका फांदीने पहिल्याच सहलीत आमच्या पंख्याचे झाकण उचलून नेले. अंधार पडला होता, आणि गाडीवर आपण काय काय चढवले आहे याचे भान मला, चालवणाऱ्याला, राहिले नव्हते.

परत आल्यावर गाडी सपाट फरशीवर उभी केली, चाकांत नेहमीइतकी हवा भरली, आणि बंधूंनी शिडीवर चढून पंख्याच्या नव्या झाकणावर एक सरळ पट्टी आडवी धरली. मी ओळंबा सोडून खाली फरशीपर्यंत माप घेतले. २ मीटर ७९ भरले. चालकाच्या डोळ्यांसमोरच्या पडदीवर बंधूंनी पांढऱ्या रंगाने, ठळक अक्षरांत, ‘२.८५’ असे लिहिले, आणि रंग वाळेपर्यंत गाडीचा दरवाजा उघडा ठेवला.